हलत्या चित्राची भुरळ

इटालियन चित्रकलेच्या अभ्यासांत रमलेली आमची एक विद्यार्थिनी हल्लीं व्हिडिओकलेच्या नादीं लागली आहे. तिच्या आग्रहास्तव आम्हीं बिल व्हायोला याची 'द ग्रीटिंग' (१९९५) ही कृति पाहिली. कार्मिन्यानो गांवच्या चर्चमधील, १५२८च्या सुमारास पोंतोर्मोनें काढलेल्या भेटीच्या चित्रावरून ती सुचलेली आहे. दोन स्त्रिया बोलत उभ्या असतात; तिसरी येते, एकीस आलिंगन देऊन तिच्या कानांत कांहीं पुटपुटते. एवढेंच! परंतु सुमारें ४५ सेकंदांचा हा प्रसंग १० मिनिटांपर्यंत लांबविला आहे. त्यामुळें वाऱ्यानें फुगणारें वस्त्र आणि बाजूस पडलेल्या स्त्रीच्या मुद्रेवरील अवघडलेपण सावकाश उमलत जातें. हें अवघडलेपण पोंतोर्मोकडे नाहीं. त्याच्या मागील दोघी थेट आपल्याकडेच रोखून पाहतात. येथवर व्हायोलाची सरशी मान्य.

तरीहि मूळ चित्र आतां अपुरें वाटतें, हें तिचें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. चित्रापुढें किती थांबावें हें आपण ठरवितों; येथें तें यंत्र ठरवितें. प्रबंधाचा विषयच बदलण्याचा तिचा विचार आहे. आम्ही आड येणार नाहीं. मात्र आधीं मूळ चित्रापुढें तिनें १० मिनिटें उभें राहावें, एवढीच आमची अट आहे.