मिशनचा पैसा आणि मास्तराची लेखणी

मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा निघाली की बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्ह. टिळक आणि लक्ष्मीबाई ही नावे हमखास येतात. या सर्वांविषयी आदर ठेवूनही एक प्रश्न विचारावाच लागतो. नगर जिल्ह्यात जो समाज ख्रिस्ती झाला तो बहुसंख्येने महार-मांगांचा होता. मग त्यांच्यातला लेखक कुठे आहे? 'शिक्षण नव्हते' हे समीक्षकांचे ठरलेले उत्तर मला पटत नाही. पाटी त्यांच्या हाती आमच्या आधी आली होती.

'आमच्या' म्हणतो त्याला कारण आहे. आमचे घराणे नगर जिल्ह्यातले. बाबासाहेबांनी 1956 साली दीक्षा घेतली आणि आम्ही बौद्ध झालो. चुलत पणजोबांचे घर त्याआधीच ख्रिस्ती झाले होते. ते स्वतः मिशनच्या शाळेत मास्तर होते. पुढे दोन्ही घरांतली माणसे दुष्काळाने आणि कारखान्यांच्या ओढीने भांडुपला आली, टेकडीवर एकाच ओळीत राहिली. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्यांच्याकडे चार पिढ्या अक्षर आहे, पण त्या चार पिढ्यांचे छापलेले एक पान नाही.

याचे कारण शोधायचे तर मिशनच्या पैशाच्या वाटेने मागे जावे लागते. अमेरिकन बोर्ड ही संस्था 1810 साली निघाली. तिचे कार्यालय बोस्टनला. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1831 मध्ये नगरला ठाणे झाले. हा खर्च कोणी एका धनिकाने उचललेला नव्हता. तिकडच्या लहानमोठ्या चर्चमधून तो गोळा होई. रविवारच्या शाळेतली मुले पैसे टाकत, बायका आपली मंडळे काढून निधी जमवत. 1868 मध्ये बायकांचे स्वतंत्र बोर्डच उभे राहिले. देणारी माणसे बरीचशी साधी होती, हे मी मुद्दाम नमूद करतो. आपल्याकडे मिशनच्या पैशाचे नाव निघाले की कारस्थान शोधण्याची जी खोड आहे, ती मला मान्य नाही.

पण ज्याने पैसे दिले त्याला त्याचे काय झाले ते कळायला हवे. म्हणून मिशनरी पत्रे लिहीत, 'मिशनरी हेरल्ड' मासिक ती छापी. रजेवर गेलेला मिशनरी गावोगाव व्याख्याने देई. या लेखनाचा वाचक बोस्टनकडचा होता आणि त्याचा विषय आमचा महारवाडा होता. मास्तर मात्र त्यात 'देशी मदतनीस' म्हणून येतो. पुष्कळदा त्याचे नावही नसते. शाळा तो चालवतो, पाऊस-पाणी आणि पाटलाचा जाच त्याला ठाऊक असतो, साहेबाला माहिती तोच पुरवतो. पण तीवरचे लेखन साहेबाचे. मास्तर म्हणजे या साहित्याचा कच्चा माल.

रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. 1887 साली ते अमेरिकेत निघाले, इंग्रजीत निघाले. त्याच वर्षी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षांच्या मदतीची हमी घेतली. त्यातूनच 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले. पुस्तकातले विधवेचे दुःख खरेच आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण शीर्षकातला 'उच्चवर्णीय' हा शब्द पाहा. अमेरिकन माणसाचे काळीज हलवण्यासाठी ब्राह्मण विधवा पुढे केली गेली. खडी फोडणारी महार विधवा त्या पुस्तकाचा विषय झाली नाही. तरी रमाबाई मिंध्या नव्हत्या. ज्या इंग्लिश भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशी त्यांनी श्रद्धेच्या प्रश्नावर पत्रांतून उघड वाद घातला.

टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. ही हिंमत मोठीच. पण रमाबाईंपाशी संस्कृत पांडित्य होते, टिळकांपाशी कवी म्हणून महाराष्ट्रभर झालेले नाव होते. खेड्यातल्या मास्तराने पगार सोडला असता तर त्याने काय खाल्ले असते? गावकीची कामे सोडल्यामुळे बलुते गेलेले, शेत नव्हतेच. अशा माणसाने मिशनविरुद्ध, किंवा चर्चमध्ये शिरलेल्या जातीविरुद्ध, लिहावे कसे? धर्मांतरितांच्या स्थितीवरील लेखनात बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले आहे: मिशनने शाळा-दवाखान्यांवर जो खर्च केला त्याचा लाभ मुख्यतः वरच्या जातींच्या हिंदूंनी घेतला, आणि अस्पृश्य ख्रिस्ती मागे राहिला. पुढे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्याला अनुसूचित जातींतून वगळले. शिखांना 1956 मध्ये, आम्हा बौद्धांना 1990 मध्ये त्यात जागा मिळाली. त्याच्यासाठी आयोग बसले, शेवटचा ऑक्टोबर 2022 मध्ये. म्हणजे तो पुन्हा दुसऱ्याने लिहायच्या अहवालाचा विषय झाला.

तर मग परक्या पैशानेच त्याची वाचा गेली असे म्हणायचे का? नाही म्हणता येत, कारण 'ज्ञानोदय' समोर उभा राहतो. हे पत्र 1842 साली नगरला निघाले, तेही मिशनच्याच पैशावर. याच पत्राने 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 च्या अंकांत जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मांग मुलीचा निबंध छापला. मुक्ताबाई ब्राह्मणी धर्मव्यवस्थेला जाब विचारते, आणि ते मराठीत, इथल्या वाचकासमोर. पैसा तिकडचाच होता; फरक एवढाच की या पानांचा वाचक बोस्टनला बसलेला नव्हता. आपल्या अभ्यासकांनी मिशनचे इंग्रजी अहवाल पुष्कळ चाळले, मराठी पाने त्या मानाने कमी.

मुक्ताबाईच्या आधी आणि नंतर 'ज्ञानोदया'च्या अंकांत खेड्यापाड्यांतले मास्तर काही लिहीत होते का, हे अंकामागून अंक काढून पाहिले पाहिजे. एम. ए.च्या विद्यार्थ्यांना हा विषय मी दोनदा सुचवला. एकाने टिळकांची कविता घेतली, दुसऱ्याने 'स्मृतिचित्रे'.