पास झालो, नापास केलं : इंग्रजी शब्दांशेजारची आपली क्रियापदं

(भंडारा जिल्ह्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



निकालाच्या दिवशीची एक जुनी गंमत तुम्हाला ठाऊक असेल. जो पोरगा उड्या मारत घरी येतो तो सांगतो, 'मी पास झालो.' जो मागच्या दाराने येतो तो सांगतो, 'मला मास्तरांनी नापास केलं.' (हशा) हसू नका, त्या पोराचं व्याकरण पक्कं आहे. 'पास' इंग्रजी, त्याला चिकटलेलं 'ना' फारसी, पण दोष कोणाच्या माथी मारायचा हे ठरवणारं 'केलं' मात्र अस्सल मराठी. आज आम्हाला बोलायचं आहे ते या 'केलं' आणि 'झालं'वर. इंग्रजी शब्द हे निमित्त.

आधी साचा बघू. बुक, कन्फर्म, कॅन्सल, लिंक, रिजेक्ट ही इंग्रजीत क्रियापदं आहेत. मराठीत येताना ती आपलं क्रियापदपण वेशीबाहेर ठेवून येतात. 'मी तिकीट बुकतो' असं कोणी म्हणत नाही. 'गुगलून बघ' म्हणतात, पण तेही हसत. बाकी सगळीकडे शब्द नाम किंवा विशेषण होऊन बसतो आणि काम करायला आपलं क्रियापद येतं : बुक केलं, कॅन्सल झालं. हा साचा इंग्रजीसाठी घडवलेला नाही. हजर करणे, मंजूर होणे, जमा करणे, माफ करणे, रद्द होणे, ही सगळी फारसी-अरबी मंडळी याच दारातून आत आली. त्यांतली काही पुढे इतकी घरची झाली की थेट क्रियापदं बनली : खर्चणे, बदलणे, फर्मावणे. इंग्रजी अजून त्या पायरीला आलेली नाही. पाहुणी म्हणून ओसरीवर आहे.

आता क्रियापद निवडतं कोण? आपण. आणि ते कोणत्याही शब्दकोशात बघून निवडत नाही. गाडीला किक मारतो, गिअर टाकतो, ब्रेक लावतो. टायर पंक्चर होतं, मग पंक्चर 'काढतो'. जे भोक मुळात बुजवायचं आहे ते आपण काढतो, आणि कोणालाही त्यात चूक वाटत नाही, कारण काटा काढतात तशी ती पीडा काढायची असते. तारेचा शॉक लागतो, पण वाईट बातमीचा शॉक बसतो. टेन्शन येतं, देता येतं, घेता येतं. 'मला बोअर होतंय' हे वाक्य तर आम्हाला फार आवडतं. इंग्रजीतला माणूस स्वतः बोअर असतो. आपण त्या शब्दाला 'मला कंटाळा येतो'च्या शेजारी नेऊन बसवलं, 'मला' लावलं, आणि तो निमूट बसला. याला भाषेची प्रकृती चांगली असणं म्हणतात. भाषा बिघडली म्हणून कपाळाला हात लावण्यासारखं यात काही नाही.

दुसऱ्या बाजूनेही बघा, कारण इथे शिक्षक मंडळी बरीच बसली आहेत. इंग्रजीलासुद्धा असेच जोड असतात आणि तिथे आपली मुलं आपटतात. 'मेक म्हणजे बनवणे, टेक म्हणजे घेणे, गेट म्हणजे मिळणे' अशी यादी आपण पाठ करून घेतो. मग 'मेक होमवर्क' का चुकतं आणि 'मेक मिस्टेक' का बरोबर, याला उत्तर नसतं. आपला चहा कडक असतो, त्यांचा 'स्ट्राँग'. पाऊस मात्र 'हेवी', 'स्ट्राँग' नाही. 'गेट अँग्री', 'गेट वेट', 'गेट मॅरिड' इथे 'मिळणे' कुठेच नाही. आपल्याकडे राग येतो, माणूस भिजतो आणि लग्न होतं, तीन तऱ्हा. शब्द सुटा शिकवला की चुकणारच, तो त्याच्या जोडीदारासकट शिकवावा लागतो. आणि 'आय गेव्ह एक्झाम' म्हणणाऱ्या पोराला हसण्याआधी एवढं लक्षात घ्या : मराठीत मास्तर परीक्षा घेतात आणि विद्यार्थी देतो, इंग्रजीत मास्तर देतो आणि विद्यार्थी घेतो. देणारा-घेणाराच उलटा आहे. पोरगं इंग्रजीत चुकलं, ते मराठीत बरोबर होतं म्हणून.

हे देणारा-घेणारा उलटा होणं, हाच आजचा आमचा मुद्दा. कारण ते फक्त परीक्षेत होत नाही.

मागे आम्ही याच जिल्ह्यातल्या एका बँकेत रांगेत उभे होतो. रोवणीचे दिवस, रांगेत बहुतेक धानवाले शेतकरी. पुढचे गृहस्थ सत्तरीचे. खिडकीतल्या बाईंनी त्यांना बघताच हाक मारली, 'या काकाजी, पाय बरा आहे का आता?' म्हणजे ओळख किती जुनी बघा. लगेच संगणकाकडे बघून म्हणाल्या, 'काकाजी, तुमची केवायसी नाही झाली.'

'कशी होते मंग ते?'

'तुम्हालेच करा लागते.'

या तीन वाक्यांवर आम्ही कित्येक दिवस विचार करत होतो. केवायसी या तीन अक्षरांत एक पुरं इंग्रजी वाक्य दडलेलं आहे, आणि ते आज्ञार्थी आहे : आपला ग्राहक कोण ते जाणून घ्या. आज्ञा कोणाला? बँकेला. रिझर्व्ह बँकेने २००२ पासून हे बँकांना बजावलेलं आहे. जाणून घेणारी बँक, जाणला जाणारा शेतकरी. मराठीत येताना ते आख्खं वाक्य एक स्त्रीलिंगी नाम झालं, त्याला आपण 'करणे' जोडलं, आणि कर्ता बदलला. आता 'काकाजींनी केवायसी केली नाही'. पीएम-किसानचे वर्षाचे ६००० रुपये तीन हप्त्यांत येतात. त्यातला एखादा अडकला तर गावात कोणी विचारत नाही की बँकेने याला जाणून का घेतलं नाही? विचारतात, 'तुम्ही केवायसी का नाही केली?' आणि काकाजी खाली बघतात. ज्या बाईंना त्यांचा पाय दुखतो हेसुद्धा माहीत आहे त्यांच्यासमोर उभे राहून खाली बघतात.

त्या बाईंचा यात काडीचा दोष नाही, हेही सांगून टाकतो. त्याही पडद्यावर दिसतं तेच बोलतात.

आता पडद्याची भाषा घ्या. तिच्या पायऱ्या आहेत. 'साहेबांनी अर्ज रिजेक्ट केला' : माणूस दिसतो, त्याच्याकडे जाता येतं, भांडता येतं. 'अर्ज रिजेक्ट झाला' : माणूस पडद्याआड. 'सर्व्हर डाऊन आहे' : आता क्रियाही नाही, नुसती हवामानासारखी स्थिती. आणि शेवटची पायरी, जी हल्ली आपल्या तोंडी बसली आहे, 'पेंडिंग दाखवते.' कोण दाखवते? विचारून बघा. बोट संगणकाकडे जातं. अर्ज कोणाच्या टेबलावर पेंडिंग आहे हे त्या वाक्यात मावतच नाही. मंजूर-नामंजूरच्या काळीही कचेरीला 'झाले' प्रिय होतंच, तेव्हा सगळं खापर इंग्रजीवर फोडू नका. पण 'नामंजूर' म्हटलं की मंजूर करणारा कोणी साहेब असणार एवढं तरी गावाला कळत होतं.

इथे आपले भाषाशुद्धीवाले उठतील. त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदर आहे. सावरकरांनी दिलेले महापौर, दिग्दर्शक असे शब्द आपण रोज वापरतो. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि त्याच माणसाने १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. परकी भाषा कोळून प्यालेला माणूस शुद्धीविषयी बोलत होता, हे विसरू नये. पण ही सगळी पहारेदारी नामांच्या दारावर झाली. क्रियापदाच्या खिडकीकडे कोणी बघितलं नाही. समजा फलक शुद्ध केला : 'ग्राहकांनी आपली ओळख पडताळणी करून घ्यावी.' झाली मराठी. पण कर्ता तोच, ओझं त्याच डोक्यावर. त्यापेक्षा 'बँकेला तुमच्या कागदांची खात्री करायची आहे, आधार कार्ड घेऊन या' असं लिहा. वाटल्यास पुढे केवायसी राहू द्या, आमची हरकत नाही. बँकेला काही करायचं आहे, हे फलकावर आलं म्हणजे पुरे.

घरातही असंच एक उदाहरण आहे, पण ते थोडक्यात. 'तुझी आठवण येते' यात आठवण येते, आपण तिला आणत नाही. 'मी तुला मिस करतो' यात ते आपलं काम होतं, करायचं तर करा, नाही तर सोडा. 'बोअर'ला आपण 'मला' लावून नमवलं. 'मिस'ने मात्र आपल्याकडूनच 'मी' वदवून घेतला. आमच्या मते ही खरी घुसखोरी. बुक आणि कॅन्सल नव्हे.

झाडीबोलीला यातलं काय कळतं, ते सांगून थांबतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीचे शब्द गोळा केले. आता कोणी तरुणाने तिच्या क्रियापदांकडे बघावं. आपल्या भागात विडी वळणाऱ्या, रोवणी करणाऱ्या बायांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठ्याच्या यंत्रापुढे त्यांची पंचाईत होते. यंत्रापाशी बसलेला पोरगा म्हणतो, 'मावशी, तुमचा थंब मॅच होऊन नाही राहिला.' बघा, थंब मावशीचा, म्हणून खोट मावशीची. एक मावशी आमच्यासमोर म्हणाली, 'माहा आंगठा त हाये ना बापा. मशीनच घेऊन नाही राहिली.'

प्रश्न असतील तर आता घेऊ या. माईक मागे द्या जरा, मागचे बऱ्याच वेळापासून हात वर करून बसलेत.