घरघर, करकर आणि हल्ला

कानाला न रुचणाऱ्या आवाजासाठी आपले लेखक आजकाल बहुधा दोनच विशेषणांवर भागवतात : कर्कश आणि कर्णकटू. कावळा कर्कश, भोंगा कर्कश, भांडणारी शेजारीणही कर्कश. दोन्ही शब्द संस्कृताचे, सभ्य आणि छापून आल्यावर शोभणारे. पण आवाज वाईट होता एवढेच ते सांगतात. तो कसा होता, कशाचा होता, याबद्दल मौन पाळतात.

बोलीतल्या मराठीचे तसे नाही. करकर, किरकिर आणि कुरकुर हे तीन शब्द पाहावेत. व्यंजने तीच, फक्त स्वर बदललेला. नवा जोडा करकर वाजतो, रातकिडा किरकिर करतो, जुनी खाट कुरकुरते. स्वर जसा बारीक होतो तसा आवाजही बारीक होतो. गंमत अशी की तिन्ही शब्द माणसावरही येऊन बसले आहेत. रागावलेला दात करकरा चावतो, आजारी मूल किरकिर करते, कामचुकार गडी कुरकुर करतो. माणसाच्या गळ्यासाठी तर वेगळीच मालिका आहे. भसाडा आवाज जाड आणि बेताल, घोगरा बसलेला, किनरा बारीक आणि टोचणारा, चिरका वर चढता चढता फाटणारा. यांतल्या एकाच्या जागी दुसरा घातला तर व्यक्तिचित्रातला माणूसच बदलतो. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) असे अनुकरणवाचक शब्द विपुल आहेत. त्यांना ग्राम्य म्हणून वगळण्याचा सोवळेपणा त्या परकीय कोशकाराने केला नाही; तो पुढे आपल्याच शिष्ट गद्याने केला.

साहित्यशास्त्राने या प्रश्नाकडे अधिक समंजसपणे पाहिले आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त पददोषांची यादी दिली, तिच्या आरंभीच ‘श्रुतिकटु’ हा दोष येतो. परंतु त्याच्या आधी आनंदवर्धनाने एक महत्त्वाचा भेद केला होता : कानाला खुपणारी अक्षरे हा नित्य दोष नव्हे. शृंगारात ती दोष ठरतात, रौद्रात तीच गुण होतात. ट-वर्ग, रेफ आणि जोडाक्षरे यांची दाटी ओज या गुणाला पोषक मानली गेली, ती याच न्यायाने. केशवसुतांनी १८९३ साली नव्या युगाची हाक द्यायला मंजुळ वाद्य न निवडता ‘तुतारी’ निवडली, यामागेही हीच जाण दिसते. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात यंत्रयुगाचा खडखडाट आला, तेव्हा अनेक रसिकांचे कान दुखावले. त्या कानांना श्रुतिकटुत्वाचा दोष दिसला. विषय कोणता आहे, हे पाहण्याइतकी सवड त्यांनी घेतली नाही.

आवाज स्वतः वाईट नसतो, तो कोठे ऐकू येतो यावर सारे ठरते, याचा पुरावा द्यायला ‘घरघर’ एवढा एकच शब्द पुरे आहे. पहाटेच्या जात्याची घरघर आणि मरणाऱ्याच्या घशातली घरघर, दोन्हींना मराठीने एकच शब्द दिला. पहिलीवर ओव्या गायिल्या गेल्या, दुसरीच्या वेळी घर गप्प झाले. आता घरोघरची जाती गेली आहेत. नव्या पिढीला या शब्दाचा मरणाकडचाच अर्थ ठाऊक आहे, आणि जुन्या कवितेत तो भेटला की उगाच अपशकुनी वाटतो.

आपल्या पांढुर्णा-सौसरच्या मराठीला आणखी एक पदर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. शाळा, कचेरी, बाजार हिंदीत गेले. हिंदी या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. चरमराना, भर्राना, खटखटाना ही क्रियापदे कोणीही हेवा करावा अशी आहेत. पण दोन भाषांच्या सीमेवर शब्द मजेशीर वागतात. मराठीत ‘हल्ला’ म्हणजे चाल करून जाणे, हिंदीत ‘हल्ला’ म्हणजे गलका. ‘तुमुल’ या शब्दाचेही असेच झाले. गीतेच्या पहिल्या अध्यायात हे विशेषण शंख-भेरींच्या नादाला लावलेले आहे, आणि ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये त्या नादाचा ओव्याओव्यांतून केवढा विस्तार केला! आजच्या मराठीत मात्र तुमुल असते ते युद्ध. आवाज त्यातून गळून गेला. (गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या काठी ‘हल्ला’ म्हटले तर दोन्ही भाषांचे अर्थ एकदम खरे ठरतात, हे सावरगावकरांना सांगायला नको.)

त्या गोटमारीवर जे काही लिहिलेले वाचायला मिळते, त्यात ‘दगडांचा वर्षाव’ आणि ‘प्रचंड जल्लोष’ यांपलीकडे कान फारसा जात नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवर उभे राहतात, मध्ये पळसाचे झाड असते. गोटा पाण्यात पडला तर डुबुक्‌कन, दगडावर आदळला तर टणकन, पत्र्यावर बसला तर खाडकन, आणि माणसाच्या पाठीत बसला तर धपकन. शेवटचा आवाज सर्वांत हळू असतो. ‘वर्षाव’ हा शब्द या चौघांना एकाच पावसात बुडवतो, आणि पावसाने कोणाचे डोके फुटत नाही. या दिवशी माणसे जखमी झाली आहेत, प्राणासही मुकली आहेत. त्याचे वर्णन पर्जन्याच्या भाषेत करणे मला सौंदर्यदृष्टी वाटत नाही, चुकवाचुकवी वाटते.

‘कन’ लागलेली ही अव्यये आपल्या घरांतल्या वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात अजून ऐकू येतात. नातवंडे हिंदी माध्यमात शिकतात. त्यांना आई, भाकर, पोळा हे शब्द येतात, धपकन आणि खाडकन यांच्या जागी मात्र ‘धड़ाम से’ आणि ‘खट से’ येते. वाचनमालेत हे शब्द धडा म्हणून येत नाहीत. शब्दकोशात ते सापडतील, पण कोशातला ‘किनरा’ वाचून किनरा आवाज कानात उमटत नाही. तो कोणाचा होता हे सांगणारे कोणीतरी जवळ असावे लागते.