नाबोथाचा मळा आणि चौथा मजला

मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला म्हणजे सामान्य वाचकाला दोनतीन नांवें आठवतात आणि तेथेंच त्याची स्मृति थांबते. फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत छापलें गेलें. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आणि लक्ष्मीबाईंचीं स्मृतिचित्रें १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. या तिहींच्या मध्यभागीं एक उंबरठा आहे. स्टीफन्स यांचें काव्य तो नुकताच ओलांडलेल्यांसाठीं लिहिलेलें, टिळकांची कविता तो ओलांडणाऱ्याची, आणि स्मृतिचित्रांतील सर्वांत हृदयस्पर्शी भाग, तो ओलांडून गेलेल्या पतीकडे पाहत अलीकडे उभ्या राहिलेल्या पत्नीचा. ख्रिस्ती लेखन म्हणजे धर्मांतराचें लेखन, हें समीकरण आमच्या सुशिक्षित कुटुंबांत त्यामुळें इतकें दृढ झालें आहे कीं, ज्याच्या लेखनांत हा उंबरठाच नाहीं असा ख्रिस्ती लेखक समोर आला म्हणजे त्याला कोणत्या मापानें मोजावें हें आम्हांस उमगत नाहीं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे असे लेखक होते. २०२४ च्या जुलै महिन्यांत त्यांचें निधन झालें. वर्तमानपत्रांतून त्यांचा गौरव पुष्कळ झाला. परंतु तो बहुतेक त्यांच्या स्वभावाचा व कार्याचा होता. लेखनाची चिकित्सा मागें राहिली. ती करण्याचा अल्प यत्न आम्ही येथें करीत आहों.

दिब्रिटो वसईच्या नंदाखाल गांवचे. तेथील ख्रिस्ती घराणीं पोर्तुगीज अमदानींतलीं. १५३४ त वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ त चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें वर्षांत जे गांव ख्रिस्ती झाले ते पुढेंहि ख्रिस्तीच राहिले, परंतु बोली, शेती आणि घरगुती रीतभात यांनीं ते मराठीच आहेत. अशा गांवांत जन्मलेल्या माणसाला 'ख्रिस्ती व्हावें कीं नाहीं' हा प्रश्न पडतच नाहीं. त्याला पडतो तो याहून अवघड प्रश्न: ख्रिस्ती तर आहोंच, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांत ख्रिस्ती म्हणून राहावयाचें म्हणजे काय करावयाचें? आणि दिब्रिटो यांच्या आयुष्यांत शेजारच बदलत होता, कारण वसई हें गांव राहिलें नव्हतें. तें मुंबईचें उपनगर होऊं लागलें होतें.

ज्यांनीं वसई केवळ आगगाडीच्या खिडकींतून पाहिली आहे त्यांना या वाक्याचें मर्म कळावयाचें नाहीं. रुळाच्या पश्चिमेस समुद्राकडे उतरणारा पट्टा केळीचा, पानवेलीचा आणि फुलांचा. जागोजागीं गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि पावसाचें पाणी धरून ठेवणारीं तळीं. त्यांना तेथें बावखल म्हणतात. आगाशीची सुकेळी आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींतली आहे. १९८० ते १९९० या दशकाच्या अखेरीस या हरित पट्ट्यांत मोठ्या बांधकामाला वाट मोकळी होऊं लागली. १९९० त सिडकोकडे नियोजनाचा अधिकार गेला. २००९ त वसई-विरार महानगरपालिका झाली आणि कित्येक गांवांनीं तींत जाण्यास विरोध केला. २०११ च्या खानेसुमारींत या नगराची वस्ती बारा लाखांहून अधिक भरली. बावखलें बुजूं लागलीं, विहिरींवर पंप बसले आणि पाण्याचे टँकर रस्त्यांवरून धांवूं लागले. याच सुमारास दिब्रिटो यांच्या पुढारीपणाखालीं 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. तींत ख्रिस्ती होते तसे हिंदु आणि मुसलमानहि होते.

हें सर्व लेखनाच्या चिकित्सेंत कशासाठीं, असें कोणी विचारील. तर दिब्रिटो यांचें उत्तम गद्य या झगड्यापासून वेगळें काढतांच येत नाहीं, म्हणून. १९८३ पासून २००७ पर्यंत ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. चर्चचें मासिक म्हटलें म्हणजे सणवार, प्रवचनें आणि धर्मप्रांतांतील बातम्या एवढाच मजकूर अपेक्षित असतो. त्यांनीं त्याचें दार अख्रिस्ती लेखकांना उघडलें, त्यांत साहित्याची चर्चा आणली आणि जमीन व पाणी हे विषय धर्माच्या पानांवर मांडले. त्यांचें वाक्य आंखूड असतें. शब्द रोजच्या वापरांतले. संस्कृतप्रचुर भारदस्तपणाचा सोस नाहीं. 'सुबोध बायबल' हें त्यांचें भाषांतर याच वळणाचें आहे आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा भाषांतर पुरस्कार मिळाला तो योग्यच होय. पंडिता रमाबाईंनीं आपल्या अखेरच्या वर्षांत मूळ भाषांवरून बायबल मराठींत आणलें तेव्हां त्यांचाहि कटाक्ष साध्या माणसाला कळेल अशा भाषेवर होता. त्या परंपरेला दिब्रिटो यांनीं खंड पडूं दिला नाहीं, हें आम्ही त्यांचें मोठें ऋण समजतों.

परंतु साधेपणाला एक खोड लागलेली असते, ती उपदेशाची. वेदीवरून बोलण्याची संवय असलेल्या माणसाला गोष्ट सांगून थांबतां येत नाहीं. तिचें तात्पर्यहि त्याला सांगावेंसें वाटतें. दिब्रिटो यांच्या स्फुट लेखनांत हा दोष वारंवार आढळतो. प्रेम, क्षमा, संवाद, मानवता हे शब्द लेखाच्या शेवटीं पाहुण्यासारखे येतात आणि आधींच्या परिच्छेदांतला प्रत्यक्ष माणूस बाजूला सरतो. जेथें विहीर आहे, सात-बाराचा उतारा आहे, रस्ता अडवून बसलेल्या बायका आहेत, तेथें मात्र त्यांच्या लेखणीला तात्पर्याची गरज वाटत नाहीं. 'नाही मी एकला' या आत्मकथनांत हे दोन्ही दिब्रिटो शेजारीं शेजारीं भेटतात. आम्हांस पहिल्यापेक्षां दुसरा अधिक प्रिय आहे हें लपवीत नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे. वसईच्या झगड्याचा विचार करतांना बायबलांतील एक कथा आमच्या मनांतून जात नाहीं. अहाब राजाच्या वाड्यालगत नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तो भाजीपाल्यासाठीं हवा होता; त्यानें दुसरा चांगला मळा देऊं केला, पैसे देऊं केले. नाबोथ म्हणाला, वडिलार्जित भूमि मीं विकावी हें देवाला मान्य नाहीं. मग ईजबेल राणीनें खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार करून मारिलें आणि राजा मळ्यांत उतरला. तेथें एलीया संदेष्टा त्याची वाट पाहत उभा होता. हरित वसईच्या चळवळीचें वाङ्मय वाचतांना वाचकाला तिच्यांत हीच कथा दिसते. मळा तोच, भाव तोच, आणि झगा घालून मळ्याच्या तोंडाशीं उभा राहिलेला धर्मगुरूहि तोच. या कथेचें बळ मोठें आहे. तिनें भाविक शेतकऱ्याला सांगितलें कीं जमिनीसाठीं उभें राहणें हा धर्माबाहेरचा उद्योग नव्हे. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर हें तत्त्व पुस्तकांतून पुष्कळांनीं मांडलें; तें केळीच्या बागेंत आणून उभें करणें हें वसईचें काम.

तथापि उपनगर म्हणजे केवळ अहाब आणि नाबोथ नव्हे, आणि येथें आमची शंका सुरू होते.

पहिली शंका नाबोथासंबंधीं. बायबलांतला नाबोथ विकावयास तयार नव्हता. वसईंतले पुष्कळ नाबोथ तयार झाले. कोणी दडपणाखालीं, कोणी कर्जापायीं, कोणी मुलाच्या शिक्षणासाठीं अथवा परदेशच्या प्रवासखर्चासाठीं, आणि कोणी, स्पष्टच बोलावयाचें तर, चांगला भाव आला म्हणून. रविवारीं देवळांत पहिल्या बांकावर बसणारा गृहस्थ आणि सोमवारीं निबंधकाच्या कचेरींत सही करणारा गृहस्थ एकच असूं शकतो. बाहेरच्या बिल्डराविरुद्ध लिहिणें धैर्याचें आहे. परंतु आपल्याच बांकावरच्या माणसाविषयीं लिहिणें त्याहून अवघड. दिब्रिटो यांनीं आपल्या समाजाला दोष दिलाच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. चंगळवाद, दारू आणि लग्नांतील उधळपट्टी यांवर चर्चच्या व्यासपीठावरून टीका होतच आली आहे. परंतु जमीन विकणाऱ्या कुटुंबाची ती रात्र, बापलेकांचें तें भांडण, बहिणीच्या वाट्याचा तो प्रश्न, हें सर्व वसईच्या साहित्यांत ज्या बारकाव्यानें यावयास हवें होतें त्या बारकाव्यानें आलेलें आमच्या वाचनांत नाहीं. स्मृतिचित्रांची थोरवी लक्ष्मीबाईंनीं आपल्याच घरांतलें भांडण मांडलें यांत आहे. वसईला अशा लेखणीची गरज होती व आहे.

दुसरी शंका अधिक खोल आहे. ती चौथ्या मजल्यावरच्या माणसाची. नालासोपारा आणि विरार येथील इमारतींत राहावयास आला तो राजा अहाब नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरणगांवाची वाताहत झाली, मुंबईंत खोलीचें भाडें परवडेना, चाळींतल्या एका खोलींत दोन भावांचे संसार मावेनात, म्हणून तो लोकलच्या शेवटच्या टोकाला आला. पहांटे निघतो, रात्रीं परततो. गाडींत उभें राहावयास मिळालें तरी नशीब मानतो. टँकरनें गांवच्या विहिरींतलें पाणी उपसलें तें याच्याच घरांत आलें, हें खरें. परंतु पाण्यावांचून त्यानें तरी राहावें कसें? तेव्हां विहीर राखणारा आणि हंडा घेऊन उभा असलेला हे दोघे एकाच वेळीं न्याय मागत आहेत. नाबोथाची कथा यांतल्या एकालाच ओळखते.

दुसऱ्याला ओळखणारी कथाहि त्याच ग्रंथांत आहे. माझा शेजारी कोण, असें एका शास्त्र्यानें विचारलें तेव्हां ख्रिस्तानें त्याला वाटेंत लुटलेल्या प्रवाशाची आणि त्याला उचलून नेणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. शोमरोनी म्हणजे त्या काळच्या यहुद्याला सावलीहि नकोशी वाटावी असा परका. उपनगरांत परका कोण आणि वाटसरू कोण, हें रोज सकाळीं आठच्या लोकलमध्यें उलटसुलट होत असतें. हरित वसईच्या साहित्यानें पहिली कथा पूर्ण सामर्थ्यानें सांगितली. दुसरीचा उच्चार केला, पण ती त्या इमारतींच्या जिन्यानें वर चढलेली आम्हांस फारशी दिसली नाहीं. 'बाहेरचे लोक' हा शब्द चळवळीच्या भाषेंत सहज रुळतो. लेखकानें तरी तो वापरतांना क्षणभर थांबावें, इतकीच आमची अपेक्षा.

येथें कोणी म्हणेल कीं, दिब्रिटो यांच्या आयुष्यानेंच या शंकेचें उत्तर दिलें. तें कांहीं अंशीं खरें आहे. २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादेस भरलेल्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हां ते धर्मगुरू आहेत एवढ्याच कारणानें कांहीं मंडळींनीं विरोध केला. त्या आसनावर बसणारे ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. तुकाराम-ज्ञानेश्वरांवर प्रेम करणाऱ्या, चाळीस वर्षें मराठींत लिहिणाऱ्या माणसाला आपण मराठी आहोंत हें सिद्ध करावें लागलें. परका ठरविलें जाणें म्हणजे काय, हें त्यांनीं त्या वेळीं अनुभविलें. आणि आजारी असतांहि अध्यक्षपदावरून ते असहिष्णुतेविरुद्ध निर्भयपणें बोलले. त्या भाषणाचा आम्हांस आदर वाटतो. परंतु भाषण तें भाषण. लेखकाच्या आयुष्यांतला अनुभव त्याच्या पानांवर उतरला किंवा नाहीं हें पाहणें हें टीकाकाराचें काम, आणि हा अनुभव पानांवर पुरता उतरण्याइतका अवधि त्यांना लाभला नाहीं.

त्यांच्यामागें जें उरलें आहे त्यांतलें सर्वांत मोलाचें कोणतें, असें आम्हांस विचारल्यास आम्ही प्रवासवर्णनांकडे वा चरित्रांकडे बोट दाखविणार नाहीं. तीं वाचनीय आहेत. पण तशीं पुस्तकें इतरांनींहि लिहिलीं आहेत. 'सुवार्ते'चे त्या चोवीस वर्षांचे अंक मात्र दुसऱ्या कोणाला लिहितां आले नसते. मुंबईजवळचा एक शेतकरी टापू उपनगर होत असतांना तेथला धर्म काय विचार करीत होता याची महिन्या-महिन्याची नोंद त्यांत आहे. कोणी प्रकाशकानें त्यांतून निवड करून, कालानुक्रमानें, स्थळांच्या टीपांसह एक ग्रंथ काढावा. त्यांत केवळ संपादकीयें न घेतां वाचकांचीं पत्रेंहि घ्यावींत. विशेषतः तीं, ज्यांत जमीन विकलेल्यानें आपली बाजू मांडली असेल, किंवा नव्या इमारतींत राहावयास आलेल्या कोणीं पाण्याची तक्रार केली असेल. अशीं पत्रें त्या अंकांत किती निघतात, हें पाहण्याची आम्हांस फार उत्सुकता आहे.