वृत्तपत्रीय भाषा आणि माणसांचा अपव्यापार : एक चिकित्सा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोहोंना एकाच वाक्यात मनाई केली आहे. मराठी वृत्तपत्रांनी मात्र त्यांची फारकत केलेली दिसते. ‘मानवी तस्करी’ म्हटले की लॉजवरील छापा अथवा रेल्वेतून उतरवलेली मुले, एवढेच चित्र वाचकांसमोर उभे राहते. या शब्दरूढीचे परिणाम दोन घटनांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून प्रवास करणारी बिहारमधील ५९ मुले भुसावळ व मनमाड येथे उतरविण्यात आली. सोबतच्या पाच मदरसा शिक्षकांवर भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० खाली गुन्हे नोंदले गेले. त्यांना सुमारे चार आठवडे कोठडीत राहावे लागले. ‘तस्करी उघड’ हा सूर बातम्यांत तत्काळ उमटला. मार्च २०२४ मध्ये ही प्रकरणे गैरसमजातून घडल्याचे निष्पन्न होऊन बंद झाली. आरोपाला मिळालेली जागा निर्दोषत्वाला मिळाली नाही.

त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जून २०२३ मध्ये, तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात ढोकी पोलिसांनी विहीर खोदकामावरील ११ मजुरांची सुटका केली. पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना साखळदंडांनी बांधले जात असे. दलालामार्फत फसवून आणणे, डांबून ठेवणे आणि विनामोबदला राबविणे ही अपव्यापाराची सर्व लक्षणे येथे होती. तरीही बातम्यांचा भर साखळदंडांवर राहिला. दलाल, ठेकेदार आणि मजुरीचा व्यवहार दुय्यम ठरला.

कायद्याची भूमिका याहून व्यापक आहे. २०१३ च्या दुरुस्तीनंतर कलम ३७० मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये शोषणाच्या हेतूने, फसवणूक वा बळजबरी करून केलेली भरती महत्त्वाची आहे. गुलामगिरीसदृश प्रथांचाही त्यात समावेश आहे. पीडिताची संमती येथे गैरलागू ठरते. ‘तस्करी’ हा शब्द मात्र वाचकाची दृष्टी प्रवासावर खिळवतो आणि प्रवासामागील हेतू झाकतो.

परभणी जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न निव्वळ शब्दांचा उरत नाही. गंगाखेड, पालम परिसरातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात. प्रत्येक उचल म्हणजे अपव्यापार नव्हे. असे सरसकट म्हणणे मनमाडच्याच चुकीची पुनरावृत्ती ठरेल. परंतु उचल फिटली नाही म्हणून मजुराला डांबले जाते तेव्हा ती बातमी ‘पैशाचा वाद’ म्हणून छापली गेली, तर वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ वाचकाच्या आणि पर्यायाने प्रशासनाच्या नजरेआड राहतो.

सारांश, वार्ताहराने व्यक्तीचा धर्म, प्रांत किंवा पेहराव न पाहता कोणी आणले, काय सांगून आणले आणि परत जाण्याची मोकळीक होती काय, हे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. त्यांच्या उत्तरांआधी ‘तस्करी’ लिहिणे हा अन्याय होय, आणि उत्तरे मिळाल्यावरही तो शब्द टाळणे हा दुसरा अन्याय होय.