बरवे यांचे पान

प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत निसर्ग जागोजागी आहे. निसर्गचित्र मात्र नाही. डोंगर, नदी, झाडी अशी परिचित मांडणी त्यांच्या परिणत काळातील चित्रांत सापडत नाही. एखादे पान, शंख, फळ किंवा ढग ते उचलतात आणि मोकळ्या अवकाशात ठेवून देतात. शेजारी कधी घड्याळही असते.

अलिबागजवळच्या नागाव येथे 1936 साली जन्मलेल्या या चित्रकाराने मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले व विणकर सेवा केंद्रात आरेखकाची नोकरी धरली. 1961 ते 1965 ही वर्षे काशीत गेली. तेथील तंत्रकलेच्या प्रभावाविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. आमच्या मते मागाचा संस्कार त्याहून खोल असावा. वस्त्रावरची बुटी सुटी असते. तिची बाह्यरेषा स्वच्छ लागते आणि दोन बुट्यांमधील रिकामी जागा बुटीइतकीच मोजून ठेवावी लागते. नक्षीकाराच्या चौकटीच्या कागदावर त्या रिकाम्या घरांचाही हिशेब असतो. बरव्यांच्या चित्रातले पान असेच सुटे आहे. फरक एवढाच, की बुटीची पुनरावृत्ती होते. या पानाची होत नाही. ते एकटेच राहते, आणि पाहणाऱ्याला त्याचा शेजाऱ्याशी संबंध शोधावा लागतो. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकातील चिंतन याच वाटेने जाते. चित्रकाराने स्वतः मराठीत लिहिलेली अशी पुस्तके आपल्याकडे थोडीच आहेत, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

2019 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले होते. ते पाहण्यास आम्ही बीडहून गेलो तेव्हा मन स्वस्थ नव्हते. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यात दुष्काळ होता. जनावरे चारा छावण्यांत बांधली जात होती. एनॅमल रंगातील त्या गुळगुळीत, नितळ पृष्ठांसमोर उभे असता आम्हांस प्रथम रागच आला. या पानाला तहान कशी नाही? या ढगाकडे कोणी डोळे लावून बसलेले नाही. निसर्ग असा मातीपासून सोडवून घेणे ही सुस्थितीतल्या माणसाची चैन तर नव्हे?

हा आक्षेप आम्ही अजूनही पूर्णतः मागे घेतलेला नाही. दुष्काळ त्या चित्रांत नाही, आणि तो तेथे आहे असा अर्थ ओढूनताणून काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि परतीच्या वाटेवर बालाघाटाच्या उतारावर गाडी थांबली असता एक सीताफळाचे झाड दिसले. पानगळ झालेली, आणि फांद्यांना काळी पडून वाळलेली तीनचार फळे तशीच चिकटून राहिलेली. अशी झाडे आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहोत, म्हणजे त्यांच्यावरून नजर फिरवीत आलो आहोत. त्या दिवशी प्रत्येक फळ वेगळे दिसले. दोन फळांमधली आभाळाची जागाही दिसली. मोटार सुरू होईपर्यंत आम्ही तेथेच उभे होतो.