बाहेर पडायला एकच दार?

संगणकाच्या तासाला एक नियम अनेकदा शिकवला जातो : फंक्शनमधून बाहेर पडायची वाट एकच असावी. हा नियम आम्हांला पटत नाही.

गोंदिया, तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, कामठी, नागपूर ही यादी घ्या. वरठी गावातले भंडारा रोड स्थानक यात कितवे, हे शोधायचे आहे. चौथ्या नावाशी उत्तर मिळते; तिथेच 'रिटर्न' केले की काम संपले. नियम पाळायचा तर 'सापडले' अशी खूण ठेवून ती दर फेरीला तपासावी लागते. आज्ञावली लांबते आणि मूळ विचार झाकला जातो.

नियमाला आधार म्हणून डायक्स्ट्रा यांचे १९६८चे पत्र पुढे केले जाते. पण त्यांचा रोख कुठेही उडी मारू देणाऱ्या 'गो टू'वर होता. 'रिटर्न' मात्र ज्याने बोलावले त्याच्याकडेच परतते.

स्कीम (१९७५) या भाषेत तर 'यापुढचे उरलेले काम' हेच एक मूल्य म्हणून हाती धरता येते. त्याला कंटिन्युएशन म्हणतात. त्याने मधूनच बाहेर पडता येते, शिवाय नंतर त्याच जागी पुन्हा परतताही येते. नुसते बाहेर पडायला मात्र एवढे मोठे हत्यार नको.

मुलांना नियम पाठ करायला देण्याऐवजी विचारावे : इथून पुढे कोणते काम उरले आहे? काहीच नसेल, तर थांबायचे कशाला?